फाटक उघडण्याचा हक्क

भोपाळ वायुकांडाला 25 वर्षे होत आली तेव्हा, 2009 मध्ये, युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याचे आवार लोकांना पाहण्यासाठी खुले करण्याचा बेत मध्य प्रदेश सरकारने जाहीर केला होता. आत आता घातक काही उरलेले नाही, लोकांच्या मनातली भीती जावी, असा युक्तिवाद होता. पीडितांनी कडाडून विरोध केला आणि बेत बारगळला. हा वाद विषारी मातीचा होताच, पण त्यात एक धर्मप्रश्नही दडला होता. एखादी जागा प्रेक्षणीय ठरवणे म्हणजे तिथे जे घडले ते आता संपले, असा निवाडा देणे. हा निवाडा द्यायचा कोणी? माझ्या मते ज्यांचे वाटोळे झाले त्यांनीच. सरकारला तो अधिकार नाही, कंपनीला नाही, आणि हळहळत फिरणाऱ्या प्रवाशाला तर मुळीच नाही.

याबाबत धर्मपरंपरांचे सहसा न दिसणारे एकमत आहे. जैनांच्या क्षमापनेत ज्याला दुखावले त्याच्यापुढेच हात जोडायचे असतात. इस्लाममध्ये माणसाचे माणसाकडे असलेले देणे, हुकूक-उल-इबाद, नुसत्या नमाज-रोज्यांनी फिटत नाही. ज्याचे बुडवले त्यानेच ते माफ करावे लागते. मनुस्मृतीसुद्धा चोराला आधी चोरलेली वस्तू परत करायला लावते, मग प्रायश्चित्त सांगते. भोपाळमध्ये ही वाट पहिल्यापासून उलटी चालली. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही निकामी होता. पुढे 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली ती सरकार आणि कंपनी यांच्यात; ज्यांची फुप्फुसे जळाली त्यांना कोणी विचारले नाही. कारखान्याच्या कचऱ्याचे विष भूजलात उतरले आणि भिंतीलगतच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, हे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. 2025 च्या जानेवारीत 337 टन कचरा जाळण्यासाठी पिथमपूरला नेला, तर तिथले लोक रस्त्यावर उतरले. तो कचरा जाळला गेला खरा, पण आवारातली माती आणि खालचे पाणी होते तिथेच आहे. म्हणजे परत करायची वस्तू अजून परत केलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, दारे बंद ठेवली तर लोक विसरतील. हा आक्षेप वजनदार आहे. विस्मृती गुन्हेगाराच्या पथ्यावरच पडते. पण आठवण ठेवायला विषात पाय ठेवावा लागत नाही. भोपाळमध्येच 2014 साली पीडितांच्या पुढाकाराने संग्रहालय उभे राहिले, सरकारी किंवा कंपन्यांचा पैसा न घेता. तिथे टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, की ज्यांच्यावर बेतली त्यांचाच आवाज ऐकू येतो. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे तिथे त्यांनी ठरवले. चेर्नोबिलच्या सहलींमध्ये नेमके हेच हरवले होते: बालवाडीत पडलेल्या बाहुल्या फोटो चांगला यावा म्हणून कोणीतरी मांडून ठेवत असे. (2022 मध्ये त्या सहली बंद पडेपर्यंत, सहल संपली की प्रवाशाच्या अंगावरचा किरणोत्सर्ग यंत्राने मोजून त्याला बाहेर सोडत. भोपाळमध्ये भिंतीलगतच्या वस्तीतल्या माणसाला अशी बाहेर पडायची सोय नाही.)

दुसरा आक्षेप जर्मनीतल्या डुइसबुर्गचा. 1985 मध्ये बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचे तिथे उद्यान झाले. जुन्या वायुटाकीत पाणी भरून लोक पाण्याखाली बुडी मारण्याचा सराव करतात, आणि त्यात कोणाला पाप वाटत नाही. वाटूही नये. भट्ट्या पाडू नका म्हणून तिथले नागरिकच उभे राहिले होते, आणि प्रदूषित जमिनीचा विचार आराखड्यातच केलेला होता. शिवाय त्या कारखान्याने एका रात्रीत शहर मारले नव्हते. त्यामुळे हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच बोलते: आधी जमीन, मग तिथल्या माणसांचा होकार, आणि तिकिटाची खिडकी सगळ्यात शेवटी. भोपाळमध्ये यातली पहिली पायरीही पुरी झालेली नाही. तोवर ते फाटक पर्यटकांसाठी उघडू नये.