जोड

आषाढ लागला की आमच्या जिते गावात रात्र उशिरा होते. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपट्यानंतर जिते लागतं, मग हमरापूर, मग पेण. या सगळ्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत आणि त्या दिवसांत कारखान्यांतले दिवे मध्यरात्रीनंतरही जळत असतात. माझे बाबा आखणीवाले. म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारे. आता सत्तरी उलटली आहे, मोठं काम घेत नाहीत, पण गर्दीच्या दिवसांत शेजारच्या कारखान्यातून बोलावणं आलं की कुंचले घेऊन जातात. रात्री त्यांना घरी आणायला मी जातो.

गेल्या वर्षी असाच गेलो तेव्हा रंगकाम करणारी दोन पोरं भांडत होती. मोबाइल पाटाला टेकवून ठेवलेला, त्यावर मिक्स्ड मार्शल आर्ट्सची जुनी लढत चाललेली. वाद असा होता की खबीब नूरमागोमेदोव आणि जॉन जोन्स एकाच वजनाचे असते तर कोण जिंकलं असतं. खबीब सत्तर किलोंच्या गटातला, 29 लढती खेळून एकही न हरता 2020 साली निवृत्त झालेला. जोन्स त्र्याण्णव किलोंच्या गटाचा राजा, पुढे हेवीवेटमध्येही विजेता. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. म्हणून तर वाद रंगला होता.

बाबा एका मूर्तीच्या पापणीवर होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वजन कुणाचं बदलायचं? याचं वाढवायचं का त्याचं उतरवायचं?"

पोरं गप्प झाली. मग एक म्हणाला, "नाना, तसं नाही. फक्त समजा."

"समजायला हरकत नाही," बाबा म्हणाले. "पण काय समजू ते तर सांगाल?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

बाबांना तो सुचला यात नवल नाही. त्यांच्या धंद्यात दरवर्षी कुणीतरी येऊन म्हणतं, "ही एक फुटाची मूर्ती फार गोड आहे, हीच पाच फुटांची करून द्या." आणि दरवर्षी त्या माणसाला सांगावं लागतं की हीच होणार नाही. लहान मूर्तीची बोटं नाजूक, सुटी चालतात. तीच मापात वाढवली तर मोडतात. मोठ्या मूर्तीला आतून काथ्याचा आधार लागतो, बांबू लागतो, बैठक रुंद करावी लागते. डोळेसुद्धा नुसते पाचपट करून भागत नाही, कारण ते आता खालून, लांबून बघितले जाणार असतात. नवा नमुना घडवावा लागतो. ती मूर्ती कदाचित सुंदर होईल, पण वेगळी होईल.

यामागचं गणित गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडलं आहे. कुठलीही भरीव वस्तू सगळ्या बाजूंनी पाचपट वाढवली तर तिचा छेद पंचवीसपट होतो आणि वजन सव्वाशेपट. आधार देण्याची ताकद छेदावर ठरते, भार मात्र घनफळावर. म्हणून हत्तीचे पाय म्हणजे हरणाचे मोठे केलेले पाय नसतात. स्नायूंचंही ढोबळमानाने तसंच आहे. त्यांचं बळ जाडीच्या छेदाबरोबर वाढतं, अंगाचं वजन त्याहून वेगाने वाढतं.

भारोत्तोलनात हे स्वच्छ दिसतं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये नइम सुलेमानोग्लूने साठ किलोंच्या गटात क्लीन अँड जर्क प्रकारात 190 किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. 2021 साली जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने 267 किलोंचा विक्रम केला. त्याचं स्वतःचं वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास, म्हणजे उचललेलं वजन साधारण दीडपट. यांत बलवान कोण? नुसता आकडा पाहिला तर लाशा. किलोमागे हिशेब केला तर नइम. भारोत्तोलनवाल्यांनी यावर सिंक्लेअर गुणांक नावाचं सूत्र काढलं आहे. प्रत्यक्ष विक्रमांवरून ते वेळोवेळी नव्याने बांधतात आणि निरनिराळ्या वजनांच्या खेळाडूंची एका मापात तुलना करतात. सूत्र उपयोगी आहे. पण एवढंच सांगतं की आपापल्या वजनाच्या माणसांत हा किती पुढे आहे. नइमला पावणेदोनशे किलोंचा केला तर तो काय करेल, हे त्यात नाही. पावणेदोनशे किलोंचा नइम नावाचा कुणी माणूसच नाही.

मुष्टियुद्धात याच इच्छेला 'पाउंड फॉर पाउंड' म्हणतात. शुगर रे रॉबिन्सनच्या नावाशी हा शब्द कायमचा चिकटला. वजन बाजूला ठेवलं तर सर्वांत श्रेष्ठ कोण, असा त्याचा अर्थ. पण वजन बाजूला ठेवायचं म्हणजे काय काय ठेवायचं? खबीबची पकड, त्याचा वेग, दमसास, खाली वाकून प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरण्याचा कोन, हे सगळं सत्तर किलोंच्या देहाने वर्षानुवर्षं शिकलेलं आहे. कौशल्य हा अंगरखा नव्हे, की या माणसाचा काढून त्या माणसाला चढवला. देह काढला की कौशल्यही जातं.

कुणी म्हणेल, मग वजनाचे गट हवेतच कशाला? एकदा तसंही करून पाहिलं गेलं. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा गटच नव्हते. सुमो पैलवानापासून मुष्टियोद्ध्यापर्यंत सगळे एकाच पिंजऱ्यात. जिंकला ऐंशी किलोंच्या आसपासचा रॉयस ग्रेसी. पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याने आपल्याहून तीस किलोंनी जड असलेल्या डॅन सेव्हर्नला पाठीवर पडल्यापडल्या पायांच्या कैचीत धरून हार मानायला लावली. जगभरच्या किरकोळ अंगाच्या पोरांना त्या रात्री बरं वाटलं असेल. पण त्याचं खरं कारण असं की ग्रेसीला जे येत होतं ते समोरच्याला ठाऊकच नव्हतं. काही वर्षांत ती विद्या सगळ्यांनी शिकून घेतली, आणि ज्ञान सारखं झाल्यावर वजन पुन्हा बोलू लागलं. मग गट आले.

आपल्याकडे मातीच्या मैदानात काटा नंतर आला. त्याआधी होती जोड. जत्रेत पोरगा लंगोट लावून मैदानात फिरायचा, आणि वस्ताद, पंच, जुने पैलवान नजरेने ठरवायचे की याला कोण तोलाचा. अंग बघायचे, मान बघायची, किती वर्षं तालमीत आहे ते विचारायचे. जोड चुकली तर लोक ओरडायचे. लहानग्याला मोठ्याच्या तोंडी देण्यात बहादुरी नाही, हे प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यालाही कळायचं. मला हा शब्द फार आवडतो. जोड म्हणजे दोन सारखी माणसं नव्हेत. ज्यांच्या झुंजीतून काही कळेल अशी दोन माणसं.

वजनाचा गट ही त्याच जोडीची सरकारी आवृत्ती. ती खडूस असते. 7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाट पन्नास किलोंच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम लढतीआधीच बाद झाली. आदल्या दिवशी तिने टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिला हरवलं होतं. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवल्याच्या बातम्या आल्या, आणि आपण त्याचं कौतुक केलं. माणसाला गटात बसवण्यासाठी त्याचं पाणी काढायचं, झोप काढायची, हे काही शोभेचं नाही. तरीही रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि समोरची मुलगीही तशीच उपाशी राहून त्या रेघेच्या आत आलेली असते.

अमन ज्या सत्तावन्न किलोंच्या गटात जिंकला, त्याच वजनात आपल्याला एक जुनी ओळख आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटला कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. हेलसिंकीतली एक हकिकत त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. एक लांबलेली, दमवणारी कुस्ती संपल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत पैलवान रशीद मामदबेयोव याच्याशी लढायला उभं केलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ते लढले आणि हरले.

आता दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. खाशाबा शंभर किलोंचे असते तर? आणि खाशाबांना तो अर्धा तास मिळाला असता तर?

व्याकरणाने दोन्ही सारखे आहेत. दोन्हींचं खात्रीचं उत्तर नाही. अर्धा तास मिळूनही ते हरले असते, कोण जाणे. पण पहिल्या प्रश्नात खाशाबाच उरत नाहीत. दुसऱ्यात ते पूर्ण उरतात. तेच सत्तावन्न किलो, तेच डाव, तोच दिवस, फक्त जे त्यांचं होतं ते त्यांना दिलेलं. पहिला 'जर' कुणाकडे बोट दाखवत नाही. दुसरा दाखवतो. त्या वेळी तिथे कुणीतरी असायला हवं होतं आणि नव्हतं. उत्तर मिळो न मिळो, तो प्रश्न विचारत राहणं हा एक प्रकारे हिशेब मागणंच आहे.

आपण हे दोन 'जर' एकाच पोत्यात भरतो, आणि त्यातून दोन उलट्या चुका होतात. कधी आपण पहिल्या जातीच्या प्रश्नावर रात्र रात्र वाद घालतो, जणू त्याचं उत्तर कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे. तो खेळ म्हणून ठीक आहे. दुसरी चूक महागात पडते. 'जर-तरला काही अर्थ नसतो' असं शहाण्यासारखं म्हणून आपण दुसऱ्या जातीच्या प्रश्नाचंही तोंड बंद करतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. बाबा सातवीपर्यंत शिकले. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं होतं, या मुलाला मुंबईला जे. जे. मध्ये घाला. आजोबांनी ऐकून घेतलं, मास्तरांना चहा दिला. दुसऱ्या वर्षी बाबा कारखान्यात होते. लहानपणी मी त्यांच्या तोंडून वर्षातून दोनतीनदा ऐकायचो, "जे. जे.ला गेलो असतो तर..." वाक्य तिथेच संपायचं. मी कॉलेजात गेल्यावर, नव्या शिंगांच्या तोऱ्यात, एकदा म्हणालो, "बाबा, असतो-नसतोला काही अर्थ नाही. मग मी म्हणेन, मी सहा फूट असतो तर." त्यानंतर ते वाक्य मी ऐकलं नाही.

माझी सहा फूट उंची हा पहिल्या जातीचा 'जर' होता. त्यांची जे. जे. दुसऱ्या जातीची. तोच मुलगा, तोच हात, तीच नजर. फक्त बसभाडं, फी आणि घरातली दोन वर्षांची उसंत हवी होती. ती देणं कुणाला शक्य होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आजोबांना नक्कीच नव्हतं. पण जोड लावायला कुणी बसलेलंच नव्हतं, हे खरं आहे, आणि मी त्याला उंचीच्या गोष्टीसारखं उडवून लावलं.

एक अडचण उरते, ती लपवत नाही. दोन जातींमधली रेघ नेहमी इतकी साफ नसते. चांगलं खाणं मिळालं असतं तर मी सहा फूट झालो असतो का? शिक्षण मिळालेले बाबा हेच बाबा राहिले असते का, की तेही पाच फुटी मूर्तीसारखे वेगळेच कुणी झाले असते? थोडेफार झालेच असते. तरी पुष्कळ वेळा ओळखायची एक सोपी खूण आहे. 'जर'नंतर जे मागितलं जातं, ते कुणी कुणाला देऊ शकलं असतं का, एवढं विचारायचं. खबीबला तेवीस किलो कुणी देऊ शकत नाही. अर्धा तास देता येतो.

त्या रात्री पोरांनी शेवटी खबीबला जिंकवलं. कोणाचं वजन बदललं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही स्टेशनच्या बाजूने चालत घरी निघालो. रोह्याकडची मालगाडी जाईपर्यंत फाटकाशी थांबावं लागलं. मी बाबांना विचारलं, "जे. जे.ला गेला असतात तर काय शिकला असतात?"

वीस वर्षांनी प्रश्न आला होता, पण त्यांना आठवावं लागलं नाही.

"माणसांचे डोळे," ते म्हणाले. "देवाचे जमतात. ते सगळे सारखेच शांत काढायचे असतात. माणसाचे कसे काढतात, ते कुणी दाखवलं नाही."