सहाही रिपोर्ट घेऊन ये

बसवनगुडी, बेंगळुरू
१२ ऑगस्ट

चि. अनघा,

तू पाठवलेले रिपोर्टचे फोटो काल रात्री नीट पाहिले. त्याआधी तुझ्या आईचा, ताईचा फोन आला होता. बोलता बोलता रडू लागली. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘हिमॅटॉलॉजिस्टला दाखवा’ असं लिहिलं आणि शेजारच्या कोणीतरी ते कॅन्सरचे डॉक्टर असतात असं सांगितलं. तेव्हा आधी त्याबद्दलच लिहिते.

हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे रक्तविकारांचा तज्ज्ञ. रक्ताचा कॅन्सर तो बघतो हे खरं आहे, आणि इथल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत दाराशी ‘हिमॅटो-ऑन्कॉलॉजी’ अशी जोडपाटी असते. बाकावर तुझ्या शेजारी केस गेलेलं एखादं लहान मूल बसलेलं असेल. ते पाहून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. त्याच बाकावर हिमोफिलियावाले, प्लेटलेट्स कमी झालेले, पायात गुठळी झालेले, आणि तुझ्यासारखे ‘रक्त वाढतच नाही’ म्हणून आलेले लोकही असतात. सगळ्यांची रांग एक असली तरी आजार एक नसतो.

आता तुझे रिपोर्ट. मी बावीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरच करतील. तरी जे आकडे रोज डोळ्यांखालून गेले ते ओळखता येतात. तुझं हिमोग्लोबिन १०.४ आहे आणि सगळ्यांची नजर तिथेच अडकते. त्याच्या खाली बघ. लाल पेशींची संख्या ५.६, म्हणजे कमी तर नाहीच, चांगली भरपूर आहे. आणि एमसीव्ही, म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान, ६४. ते साधारण ८० ते १०० असायला हवं. म्हणजे पेशी पुष्कळ आहेत, पण बारीक आहेत. लोह कमी पडलं तरी पेशी बारीक होतात, पण तेव्हा बहुधा त्यांची संख्याही घटते. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागून उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यावा, असा एक साधा ठोकताळा १९७३ पासून वापरात आहे. तुझं उत्तर ११.४ येतं. ठोकताळा फसूही शकतो, म्हणून तर तज्ज्ञाकडे जायचं.

पण मला याहून बोलकी वाटली ती दुसरी गोष्ट. कॉलेजात असल्यापासूनचे तुझे सहा रिपोर्ट मी तारखेप्रमाणे ओळीने लावले. एमसीव्ही ६३, ६४, ६४, ६५, ६३, ६४. मधल्या काळात तू लाल गोळ्या खाल्ल्यास, ताईने बीट, खजूर, अळिवाचे लाडू खायला घातले, लोखंडी कढईत भाज्या केल्या. लोहाची कमतरता असती तर एवढ्या उपचारांनी आकडा हलला असता. जो आकडा सहा वर्षं जागचा हलत नाही तो बहुधा जन्मापासून तुझ्याबरोबर आहे. म्हणून सांगते, नुसता शेवटचा रिपोर्ट आणू नकोस. जुने सगळे आण.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण मी स्वतः थॅलेसेमिया मायनर आहे. ताईला माहीत आहे, पण घरात आम्ही कधी उघड बोललो नाही, आणि ती चूक माझीच. आपल्याकडे ‘या घरातल्या मुली पांढुरक्याच’ असं म्हणायची पद्धत होती. माझी आई तशी, मी तशी, तूही तशी. माझ्या बाळंतपणात एका डॉक्टरांनी लोहाची इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, आणि हिमोग्लोबिन वाढेना तेव्हा मी गोळ्या फेकून देते असा आरोप केला. मी एकही चुकवली नव्हती. पुढे लॅबमध्ये नवं यंत्र आलं तेव्हा सहज म्हणून स्वतःचा नमुना लावला आणि कागदावर उत्तर आलं. तुझ्या काकांची तपासणी त्यानंतर झाली. ते निर्दोष निघाले म्हणून आमचा मुलगा सुखरूप आहे. तो आमचा शहाणपणा नव्हता, निव्वळ नशीब होतं.

त्या डॉक्टरांचाही मी आता फार राग करत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. इतक्या बायकांत लोहाची कमतरता हेच मोठं कारण, म्हणून हात आपोआप लोहाच्या गोळीकडे जातो. पण हिमोग्लोबिन कमी असणं ही फक्त खूण आहे, कारण शोधावं लागतं. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून तिने गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्या बायकांच्या लाल पेशी तुझ्या उलट, मोठाल्या होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं, आणि त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे फॉलिक अॅसिड हे पुढे कळलं. पेशी मोठी आहे की बारीक हे आधी बघायचं, औषध मग ठरवायचं. आपल्याच मुंबईत हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं.

डॉक्टर काय करतील ते सांगते. पाळीत अंगावरून किती जातं, कावीळ झाली होती का, घरात कुणाला वारंवार रक्त चढवावं लागलं का, कुणाची लहान मुलं दगावली का, हे विचारतील. लाजू नकोस, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आजीला विचारूनच ये. डाव्या बरगडीखाली दाबून प्लीहा बघतील. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहतील. मग फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी. त्यात हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर तू थॅलेसेमियाची वाहक, म्हणजेच मायनर. सगळं हातातल्या थोड्याशा रक्तात होतं. हाडातून मज्जा काढण्याची भीती ताईच्या डोक्यात कुणी घातली असेल तर काढून टाक, एवढ्यासाठी त्याची गरज पडत नाही. लोह फार कमी असलं तर ए-टू खोटं खाली दिसू शकतं, म्हणून फेरिटिन सोबत हवंच. दोन्ही गोष्टी एकाच बाईला असू शकतात. तेव्हा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. चालू आहेत ते डॉक्टरांना सांग आणि त्यांना ठरवू दे.

वाहक असणं हा आजार नाही. तू नोकरी करशील, डोंगर चढशील, तुला मुलं होतील. आयुष्यभर एकच लक्षात ठेवायचं: हिमोग्लोबिन बघून कुणी लोह द्यायला निघालं तर ‘आधी फेरिटिन बघा’ म्हणायचं, आणि गरोदरपणात पहिल्याच भेटीत हे सांगायचं.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांब पत्र लिहायला बसले ते. निखिल.

स्थळ चांगलं आहे, मुलगा गुणी आहे, दोघांची मनं जुळली आहेत. पण तो तुझ्या आजीच्या माहेरचा आहे. हे आजीकडून माझ्यात आणि ताईमार्फत तुझ्यात आलं असेल, तर ते तिच्या भावंडांत आणि त्यांच्या मुलानातवंडांतही असू शकतं. भारतात शंभरात साधारण तीन-चार माणसं वाहक असतात; नात्यातल्या स्थळात ही शक्यता वाढते. तुमच्या दोघांच्या बायोडाट्यावर रक्तगट लिहिला आहे आणि तो जुळतो म्हणून सगळे खूश आहेत. पत्रिकाही पाहिली, नाडी वेगळी निघाली. या बाबतीत रक्तगटाचा आणि नाडीचा काडीइतकाही संबंध नाही. ए-पॉझिटिव्ह असो की ओ-निगेटिव्ह, वाहक कुणीही असू शकतो.

दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला थॅलेसेमिया मेजर असण्याची. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. मी अशी मुलं वर्षानुवर्षं पाहिली. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं, ते बाहेर टाकायची शरीराला सोय नाही, म्हणून ते हृदयात, यकृतात साठतं, आणि ते काढायला रोज औषध. रक्त चढवायला आलेली एक सात वर्षांची मुलगी सुई कुठे टोचायची ते नव्या नर्सला स्वतः दाखवायची. तिच्या आईवडिलांची तपासणी लग्नाआधी झाली नव्हती. बेंगळुरूत संकल्प इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था अशा मुलांसाठी रुग्णालयांच्या साथीने केंद्रं चालवतात, जुळणारं भावंड असलं तर मज्जारोपणाने काही मुलं पूर्ण बरीही होतात. पण मी जे पाहिलं ते विसरता येत नाही.

दोघंही वाहक निघालात म्हणून लग्न मोडा असं मी म्हणत नाही. तो निर्णय तुम्हा दोघांचा. ताईचा नाही, माझाही नाही. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेतला नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा तपासण्या अनेक वर्षं करत आली आहे. आणि निखिल वाहक नसला, तर तुमच्या मुलाला मेजर होण्याची काळजी उरत नाही. फार तर ते तुझ्या-माझ्यासारखं पांढुरकं होईल.

त्याला सांगायला तू घाबरतेस, हे ताईने मला सांगितलं. ‘मुलीत खोट’ असं म्हणतील म्हणून. अगं, त्याच्यातही असेल तर ते त्याच घराण्याचं आहे, खोट कोणाची म्हणणार? आणि साखरपुड्याआधी हे ऐकून जो मुलगा पाठ फिरवेल, त्याची परीक्षा आत्ताच झालेली बरी. मला मात्र निखिल तसा वाटत नाही.

रविवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगावहून नीघ. मॅजेस्टिकहून हिरव्या मेट्रोने नॅशनल कॉलेजला उतर, मी स्टेशनच्या दाराशी असेन. पण गाडीत बसायच्या आधी निखिलला फोन कर आणि त्यालाही सोमवारी रुग्णालयात यायला सांग. दोघांचं रक्त एकाच दिवशी तपासूया.

तुझी
सुमामावशी