विषाचं नाव, जिवंतपणी

सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. विषय सगळा घाईचा आहे, म्हणूनच त्याच्याजवळ बसायला निवांतपणा हवा.

आधी एक वावर मनात आणा. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठलंही चालेल. भाद्रपदाचं ऊन आहे. पाऊस उघडून दोन दिवस झालेत आणि काळ्या मातीतून दमट वाफ वर येते आहे. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागली आहे. तिच्या ओळीतून एक जण चालतो आहे, पाठीवर पंप, हातात नळी. झाड उंच, म्हणून नोझल वर धरावं लागतं, जवळजवळ स्वतःच्या तोंडाच्या उंचीला. वाऱ्याची एवढीशी झुळूक आली की फवारा वळून त्याच्याच अंगावर येतो. पाठीवरचा सदरा ओला आहे. त्यात घाम किती आणि झाकणातून झिरपलेलं औषध किती, हे त्याला सांगता येणार नाही. तो रोजानं आलेला मजूर असेल तर ड्रममध्ये काय कालवलंय हेही त्याला बहुधा ठाऊक नसेल.

त्याच्या शेजारून थोडं चाला. त्याचा श्वास ऐका.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात असे शेकडो जण फवारणी करताना आजारी पडले आणि 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेजारच्या अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतही बाधित निघाले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, बोंडअळी आणि रसशोषक किडींनी हैराण केलं होतं, आणि हाती आलेले नवे पंप फार बारीक तुषार उडवत होते. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. शासनानं पाच कीटकनाशकांवर काही काळ बंदी घातली: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण, अॅसिफेट, डायफेंथियुरॉन, मोनोक्रोटोफॉस. ही नावं एकदा सावकाश उच्चारा. कृषी केंद्राच्या फळीवर ती बाटल्यांवर छापलेली असतात. वावरात पोचेपर्यंत ती पुसली जातात आणि एका ड्रममध्ये एकजीव होतात.

आता आत शिरा, त्या माणसाच्या अंगात. ओल्या पाठीच्या कातडीतून, नाकातून, डोळ्यांच्या कडांतून प्रोफेनोफॉसचा एखादा कण रक्तात उतरला आहे. रक्त त्याला यकृतात नेतं. यकृत त्याची मोडतोड करतं, त्यातून ब्रोमोक्लोरोफिनॉल नावाचा तुकडा निघतो, आणि तो पाण्यात विरघळावा म्हणून यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लासारखी जोड देतं. पुढचं काम मूत्रपिंडाचं. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळपास सगळा परत घेतात आणि दीडेक लिटर बाहेर टाकतात. या दीड लिटरमध्ये शरीर आपली कबुली ठेवतं: माझ्यात हे आलं होतं, मी त्याचं असं केलं. माणूस बेशुद्ध असला तरी ही कबुली थांबत नाही. त्याला नाव आठवत नसलं, बाटली धुऱ्यावर राहिली असली, तरीही नाही. मात्र ती फार काळ टिकत नाही. दोन-चार दिवसांत बहुतेक सगळं वाहून जातं.

इथं जरा थांबा. लघवीकडे आपण कधी या नजरेनं पाहिलेलं नसतं.

मग दवाखाना. अकोल्याचं सर्वोपचार म्हणा, अमरावतीचं इर्विन म्हणा. रात्रीचे नऊ. दोघांनी धरून आणलेला माणूस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब. "काय फवारलं होतं गा?" डॉक्टर विचारतात. सोबतचा भाऊ म्हणतो, "दोन-तीन औषधं एकत्र केली होती साहेब, कृषी केंद्रवाल्यानं देल्ली. नाव नाही सांगता येत." या उत्तरात हयगय शोधू नका. ते खरं आहे, आणि त्याच्याजवळ तेवढंच आहे.

डॉक्टर वाट पाहत बसत नाहीत, बसूही नये. लक्षणं बघून अॅट्रोपिन सुरू होतं, आणि विष प्रोफेनोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ते जीव वाचवतं. पण विषाच्या नावाची गरज तिथं संपत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट विष शरीरातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमला चिकटतं आणि काही काळानं तो बंध पक्का होतो. मग तो बंध सोडवणाऱ्या प्रॅलिडॉक्झिमचा उपयोग राहत नाही. एका जातीच्या विषांत हा बंध चारेक तासांत निम्मा पक्का होतो, दुसरीत दीड दिवसाच्या आसपास लागतो. सायपरमेथ्रिनचं काम वेगळं, ते मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतं. डायफेंथियुरॉन पेशीच्या ऊर्जेवर घाव घालतं. या दोघांवर उतारा नाही, तिथं अॅट्रोपिन वाढवत नेलं तर त्याचाच त्रास होऊ शकतो. रक्तातली कोलिनेस्टरेजची तपासणी एवढंच सांगते की त्या एन्झाइमला चिकटणाऱ्या घराण्यातल्या कुणीतरी घाव घातला. कुणी, ते सांगत नाही.

आणि एक गोष्ट फार जवळून पाहा. विषबाधेची केस पोलिसांत नोंदवली जाते. पोट धुऊन निघालेलं पाणी बरणीत घेतात, सील करतात. माणूस गेला तर व्हिसेरा राखून ठेवतात. पण ज्याच्या कातडीतून आणि श्वासातून विष गेलं, त्याच्या पोटात काय सापडणार? तो काही प्यायला नव्हता. त्याची खूण मूत्राशयात साठत असते, आणि ती खाटेखालच्या भांड्यातून ओतली जाते. आपल्याकडे प्रयोगशाळेला विषाचं नाव विचारलं जातं ते बहुतेकदा माणूस गेल्यावर, आणि तेही न्यायालयासाठी. खाटेवर श्वास घेणाऱ्यासाठी ते विचारलं जावं, इतकीच या मननाची मागणी आहे.

आता ती लघवी ओतू नका. मनातल्या मनात एका स्वच्छ बाटलीत घ्या. बाटली कोमट आहे. तिच्यावर नाव, तारीख आणि वेळ लिहा. चला तिच्यासोबत यंत्राकडे.

यंत्रात पहिली गोष्ट घडते ती फवारणीची. दहा-वीस पट पाणी घालून पातळ केलेली लघवी एका केसाएवढ्या सुईतून जाते, सुईवर काही हजार व्होल्टचा दाब असतो, आणि टोकाशी तिचे अदृश्य तुषार उडतात. तुषारातलं पाणी उडून जातं, विद्युतभारित रेणू उरतात. ही युक्ती नीट बसवल्याबद्दल जॉन फेन यांना 2002 चं नोबेल मिळालं. फवाऱ्यातून अंगात गेलेलं विष पुन्हा फवाऱ्यातूनच ओळखीला उभं राहतं. या योगायोगापाशी मी बराच वेळ रेंगाळतो, तुम्हीही रेंगाळा.

पुढे आयन मोबिलिटीची नळी. आत नायट्रोजन भरलेला, आणि विजेचा दाब रेणूंना पुढे लोटतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराची कावड यात्रा निघते, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन. त्या गर्दीत दोन जण सारख्याच वजनाचं ओझं घेऊन निघाले, एकाच्या खांद्यावर आडवी पसरलेली कावड आणि दुसऱ्यानं घागर छातीशी धरलेली, तर कावडवाला मागे राहणार, कारण त्याला जास्त जणांचा धक्का लागतो. रेणूंचंही तसंच. वजन सारखं असूनही पसरट रेणू नायट्रोजनला जास्त धडकतो आणि उशिरा पोचतो, आटोपशीर रेणू आधी. हा सगळा फरक एका सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आत उघड होतो. द्रव क्रोमॅटोग्राफीच्या नळीत वेगळं होण्यासाठी हेच मिश्रण पंधरा-वीस मिनिटं वाट बघतं. म्हणून जिथं रांगेत शंभर नमुने आहेत, किंवा एकच आहे पण त्याचा धनी खाटेवर तडफडतो आहे, तिथं ही नळी मोलाची.

शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर, वजनाचा काटा. आपला ब्रोमोक्लोरोफिनॉल इथं येतो, जोड सोडवून, ऋण भार घेऊन. पडद्यावर एक रेघ उभी राहत नाही, तीन राहतात: 205 वर, 207 वर, 209 वर. मधली सर्वांत उंच, डावीकडची तिच्या पाऊण, उजवीकडची पाव. निसर्गात ब्रोमिन दोन वजनांचा, जवळजवळ निम्मा-निम्मा असतो, आणि क्लोरिनही दोन वजनांचा, तीनास एक या प्रमाणात. दोघे एकाच रेणूत आले की हीच तीन-चार-एकची चढण-उतरण उमटते. शरीर स्वतःहून असा रेणू बनवत नाही. डोळे मिटून ती तीन शिखरं पाहा. पऱ्हाटीतल्या त्या माणसाला जे नाव सांगता आलं नाही, ते त्याच्या शरीरानं या तीन रेघांत लिहून दिलं आहे. सायपरमेथ्रिनची खूण फिनॉक्सिबेंझॉइक आम्लात मिळते, इमिडाक्लोप्रिडची क्लोरोनिकोटिनिक आम्लात. मिश्रणातला एकेक जण वेगळा होऊन आपापल्या जागी उभा राहतो.

हीच तऱ्हा जगभर अमली पदार्थांच्या तपासणीत वापरतात, आणि तिथला एक धडा इथंही धरून ठेवावा असा आहे. खसखशीच्या दाण्यांत मॉर्फिनचा अंश असतो. दिवाळीत अनारसे खाल्लेल्याच्या लघवीत तो उतरू शकतो. अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीत अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती, ती 1998 मध्ये 2000 केली, कारण खसखस घातलेला पाव खाणारे संशयित ठरू लागले होते. यंत्र रेणू ओळखतं. तो कसा आला, किती आला तर त्याचा अर्थ काय, हे माणसांनी बसून ठरवायचं असतं. वावरात राबणाऱ्या प्रत्येकाच्या लघवीत पावसाळ्यात थोड्याफार खुणा मिळतील. पाणी कमी प्यायलेल्याच्या लघवीत त्या दाट दिसतील, म्हणून क्रिएटिनिनशी ताडून पाहावं लागतं. निदानासाठी यंत्राचा आकडा आणि बाहुलीचा आकार, दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात.

ही खूण राखली न गेल्यानं काय होतं? सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 बाधित कुटुंबांच्या वतीनं स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. मुद्दा डायफेंथियुरॉन असलेल्या तिच्या औषधाचा होता. कंपनीनं आरोप नाकारले. अशा वादात सगळा भार येतो कागदांवर आणि माणसांच्या आठवणीवर: कुठली बाटली होती, लेबल कुठल्या रंगाचं होतं. तीन वर्षं जुनी लघवी कुणाला मागता येत नाही. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला बाटलीचा रंग विचारला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्या जागी बसून त्या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहा.

मग परत येऊ अकोल्यात, रात्रीच्या नऊ वाजता. माणूस खाटेवर आहे, अॅट्रोपिन चालू आहे. नर्सबाईंच्या हातात एक बाटली द्या. आल्या आल्या पहिली लघवी, पन्नास मिलिलिटर पुरे, वेळ लिहून, बंद करून, फ्रीजमध्ये. भावाला सांगा, वावरातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या हातमोजे घालून उचल आणि पिशवीत घालून घेऊन ये. अमरावतीला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. दोन शहरांत शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे. त्यांना जोडणाऱ्या महामार्गाचा 75 किलोमीटरचा थर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीजमध्ये नोंद झाली. त्या रस्त्यावरून बर्फात ठेवलेली बाटली रात्रीच निघाली तर बारा वाजायच्या आत अमरावतीत पोचते. तिथं वेगवान यंत्र असावं, रात्री ते चालवणारा रसायनतज्ज्ञ असावा, आणि अहवालाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात पोलीस ठाण्याच्या नावाशेजारी वॉर्डचा फोन नंबरही असावा. पहाटे दोनला तो फोन वाजावा, आणि पलीकडच्या डॉक्टरनं केसपेपरवर विषाचं नाव लिहून डोस ठरवावा.