चौकातील तिसरा माणूस

दोन अरुंद रस्ते एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी, अगदी कोपऱ्याला लागून, एक मोटार उभी आहे. तिच्या आडून एक शाळकरी मुलगा रस्त्यावर पाऊल टाकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या रस्त्याने आलेली दुचाकी त्याच्यावर आदळते. लोक जमतात. कोणी दुचाकीस्वाराला दोष देतात, कोणी मुलाला, तर कोणी त्याला एकट्याने पाठविणाऱ्या आईबापांना. पोलीस पंचनामा करतात. सारी चर्चा या दोघांभोवती फिरते. कोपऱ्यावर मोटार उभी करून गेलेले गृहस्थ त्या वेळी समोरच्या इमारतीत चहा घेत असतात. गलका ऐकून तेही खाली येतात, हळहळतात आणि थोड्या वेळाने आपली गाडी घेऊन घरी जातात.

प्रसंग कल्पित असला, तरी आपल्या शहरांत आणि शहरांनी वेढलेल्या गावांत तो कोणालाही अपरिचित वाटणार नाही. येथे विचार करावयाचा आहे तो या तिसऱ्या माणसाचा. त्याने कोणाला धक्का दिला नाही, वेग वाढविला नाही. अपघाताच्या क्षणी तो तेथे हजरही नव्हता. मग जे घडले त्यात त्याचा काही वाटा आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी दिसणे, ते काय आहे हे उमगणे आणि ब्रेक दाबणे यांत एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन ११ ते १७ मीटर पुढे आलेले असते. सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२० सेंटीमीटर. आजकालच्या उंच मोटारी १६० सेंटीमीटरच्याही वर जातात. अशा मोटारीमागे उभे असलेले मूल चालकाला दिसत नाही आणि मुलालाही चालक दिसत नाही. वाहन सावकाश चालवावे, रस्ता दोन्हीकडे पाहून ओलांडावा, असा उपदेश आपण करतो. या दोन्ही उपदेशांचा पाया एकच आहे, तो म्हणजे दिसणे. कोपऱ्यावरच्या मोटारीने नेमका तोच काढून घेतलेला असतो. तिसऱ्या माणसाचा दोष तो हाच. इतर दोघांना आपापले कर्तव्य पार पाडता येईल असे साधनच त्याने, नकळत का होईना, हिरावून घेतले.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ नुसार, एखाद्या कृतीने किंवा आपल्या ताब्यातील वस्तूची योग्य व्यवस्था न ठेवल्याने सार्वजनिक मार्गावर धोका अथवा अडथळा निर्माण करणे हा अपराध होता. त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व कलम २८५ मध्ये आले आणि दंडाची मर्यादा ५,००० रुपये झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन उभे ठेवण्यास मनाई करते. चौकाजवळ, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर गाडी उभी करू नये, असे १९८९ च्या रस्त्यासंबंधीच्या नियमांत सांगितले होते. २०१७ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तेव्हाही चौकाजवळची मनाई कायम राहिली. स्वस्थ उभी असलेली वस्तूही अपाय करू शकते, आणि ती तेथे कोणी ठेवली हे विचारण्याचा समाजाला अधिकार आहे, असे कायदा मानतो.

तथापि कायदा असूनही कोपरे मोकळे राहत नाहीत, कारण आपल्या मनाने तो स्वीकारलेला नाही. मनाचे आक्षेप ओळखीचे आहेत. 'पाच मिनिटांचेच काम आहे.' पण कोपरा दिवसभर झाकला जातो तो अशाच अनेकांच्या पाच-पाच मिनिटांनी. 'मी नाही लावली, तर दुसरा लावील.' हे खरे असेल. परंतु दुसऱ्याच्या संभाव्य चुकीने माझ्या प्रत्यक्ष चुकीचे समर्थन होत नाही. 'मी वाहनाचा कर भरतो, रस्ता माझाही आहे.' निश्चितच आहे. पण तो जितका माझा आहे, तितकाच पायी चालणाऱ्या मुलाचाही आहे. मला गाडी थोडी दूर लावण्याचा पर्याय असतो. मुलाला न दिसणाऱ्या रस्त्यात पाऊल टाकण्यावाचून पर्याय नसतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. कोपऱ्यावर मनाई केली की भार सर्वांवर सारखा पडत नाही. तेथील किराणा दुकानदाराचा माल उतरविणारा टेम्पो, दवाखान्यात येणारा गुडघेदुखीचा रुग्ण, रिक्षावाला यांच्यावरच तो पडतो. त्यांचे नुकसान डोळ्यांना दिसते आणि ते तक्रारही करू शकतात. उलट, कोपरा मोकळा झाल्यामुळे जे मूल सुखरूप घरी पोहोचले, त्याला आपण वाचलो हे कधीच कळत नाही. २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. गेलेल्यांची अशी मोजदाद होते. वाचलेल्यांची होत नाही. म्हणून नगरपालिकेच्या दारात मोर्चा येतो तो नेहमी गैरसोय झालेल्यांचा. न घडलेल्या अपघाताच्या वतीने बोलायला कोणीच येत नाही. सार्वजनिक विवेकाची कसोटी येथेच लागते, कारण ज्याला आपला लाभ ठाऊक नाही त्याची बाजूही कोणीतरी मांडावी लागते.

अशी बाजू घेणाऱ्या एका नगराचे उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसमोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर होबोकन हे सुमारे ६० हजार वस्तीचे दाट शहर आहे. तेथेही गाडीला जागा मिळणे मुश्कील. न्यू जर्सी राज्याचा कायदा झेब्रा क्रॉसिंगपासून २५ फुटांच्या आत गाडी उभी करू देत नाही. या शहराने तो कागदावर न ठेवता एकेक कोपरा मोकळा केला. तेथे सायकलींचे कठडे बसविले, झाडे लावली आणि पदपथ पुढे आणले. २०२२ मध्ये वेगमर्यादाही ताशी २० मैलांवर आणली. जानेवारी २०१७ मधील एका मृत्यूनंतर सलग सात वर्षे त्या शहराच्या रस्त्यांवर वाहतुकीने एकही बळी घेतला नाही. कॅलिफोर्नियातही १ जानेवारी २०२५ पासून चौकाजवळचे २० फूट मोकळे ठेवण्याचा नियम अमलात आला.

याच्या उलट बाजूही लक्षात घ्यावयास हवी. नदीच्या अलीकडच्या न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक विभागाने जानेवारी २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. नुसता कोपरा रिकामा ठेवल्याने सुरक्षितता वाढल्याचे दिसत नाही, उलट काही वाहने तेथून अधिक वेगाने वळतात, असा त्याचा सूर होता. त्यावर तेथे पुष्कळ वाद झाला. आपण त्यातून एवढा बोध घ्यावा की रिकामी जागा राखावी लागते. गाडी काढली आणि तिच्या जागी दगड, झाड किंवा सायकलींचा कठडा आला नाही, तर उद्या तेथे वेग येतो, परवा टपरी येते.

आपल्याकडे या उपायाचे मोल अधिक आहे. वसईसारख्या भागात गावांतले जुने रस्ते बैलगाडीच्या बेताचे आहेत, आणि दोन्ही अंगांना वाड्यांची कुंपणे व घरांचे ओटे. ते रुंद करावयाचे तर कोणाची तरी जमीन जाते आणि वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. कोपऱ्याचे सहा मीटर मोकळे ठेवावयास कोणाची इंचभर जमीन लागत नाही. मात्र न्यायाने वागावयाचे तर ज्यांच्यावर भार पडतो त्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. टेम्पोसाठी थोडे पुढे ठरावीक वेळ राखून ठेवावी, दवाखान्याच्या दाराशी रुग्णाला उतरवू द्यावे, अपंगांसाठी जवळची जागा राखावी. सम तारखेला या बाजूस आणि विषम तारखेला त्या बाजूस गाड्या लावण्याची सवय आपल्या गावांनी अंगवळणी पाडून घेतलीच आहे. मग दोन्ही बाजूंचा कोपरा सर्व दिवस मोकळा ठेवणे अशक्य का असावे?

नगरपालिकेने पट्टे आखेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सहा मीटर म्हणजे मोठ्या माणसाची सात-आठ पावले. गाडी लावून उतरल्यावर कोपऱ्यापर्यंत तेवढी पावले भरतात का, हे चालून पाहावे. नंतर गाडीच्या मागे, मुलाच्या उंचीइतके वाकून, रस्त्याकडे नजर टाकावी. येणारे वाहन तेथून दिसत नसेल, तर किल्ली हातातच आहे. गाडी पुढे न्यावी आणि उरलेले अंतर आपण चालून जावे.