मदत मागणारा मार्शल

१९५३च्या मार्चमध्ये ऑस्कर समारंभात ‘हाय नून’साठी गॅरी कूपरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला. कूपर तिथे नव्हता. त्याच्या वतीने पुरस्कार घ्यायला जॉन वेन पुढे आला, मित्राचं तोंडभरून कौतुक केलं आणि ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही ते एजंटला विचारतो, असंही म्हणाला. याच वेनने १९७१च्या ‘प्लेबॉय’मधल्या मुलाखतीत ‘हाय नून’ला आपण पाहिलेली सर्वांत अमेरिकाविरोधी गोष्ट ठरवलं. कूपरला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. दोघेही उजव्या विचारांचे, कट्टर कम्युनिस्टविरोधी. म्हणूनच हा मतभेद मला जास्त खोल वाटतो. एकाच राजकारणाच्या या दोन मित्रांचं शौर्याबद्दल एकमत नव्हतं.

चित्रपटात कूपरने रंगवलेला मार्शल विल केन लग्न करून, बिल्ला उतरवून गाव सोडायला निघालाय. तेवढ्यात कळतं की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर दुपारी बाराच्या गाडीने येतोय आणि त्याचे तीन साथीदार स्टेशनवर थांबलेत. केनची बायको एमी क्वेकर पंथाची. बाप आणि भाऊ गोळ्यांना बळी पडले, तेव्हापासून तिने हिंसा कायमची नाकारलेली. तू थांबलास तर मी त्याच गाडीने जाईन, असं ती बजावते. केन थांबतो आणि दारोदार माणसं मागत फिरतो.

वेनला हेच खुपलं. रानटी मुलूख वसवणारे लोक चार गुंडांना घाबरून घरात बसतील, हे त्याला मान्य नव्हतं. शेवटी कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो, असंही त्याने सांगितलं. पडद्यावर केन बिल्ला फक्त धुळीत टाकतो. तुडवण्याचा भाग वेनच्या संतापाने जोडलेला आहे.

मला विचाराल, तर या चित्रपटाचा गाभा चर्चमधल्या सभेत आहे. केन माणसं मागायला येतो, मुलांना खेळायला बाहेर पाठवतात आणि मोठ्यांची चर्चा सुरू होते. कुणी पगारी माणसांकडे बोट दाखवतो, कुणी राजकारण्यांकडे. जोनास हेंडरसन उठून केनची मनापासून स्तुती करतो आणि त्याच दमात सांगतो की रस्त्यावर गोळीबार झाला तर उत्तरेकडून येणारं भांडवल बिथरेल, तेव्हा तू निघून जा. ‘शोले’त गाव असंच कच खातं, पण पोटचा मुलगा गमावलेले रहीमचाचा बोलतात आणि गाव वळतं. इथे कुणीही वळत नाही. मागितल्याशिवाय ही माणसं ओळखू आली नसती. नकार समोर दिसत असताना पुढचं दार ठोठावायला जे लागतं, त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने वेनला घेऊन १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’ काढला, तो या चित्रपटाला उत्तर म्हणून. खरा शेरीफ गावभर मदत मागत धावत नाही आणि शेवटी बायकोने त्याला वाचवावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात त्याच्या शेरीफला मदत मिळते ती एका दारुड्याची, एका लंगड्या म्हाताऱ्याची आणि एका कोवळ्या पोराची. एका प्रसंगी तर एक स्त्री खिडकीतून कुंडी फेकते, म्हणून तो वाचतो. पण हॉक्सच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. केनकडेही एक एकाक्ष दारुडा आणि चौदा वर्षांचा मुलगा आपणहून आले होते. त्याने दोघांनाही परत पाठवलं. गावातल्या प्रतिष्ठितांवरचा त्याचा विश्वास मात्र शेवटपर्यंत सुटत नाही.

वेनच्या आक्षेपात एमीला जागाच नाही, आणि हॉक्सला तिची गोळी नवऱ्याची नामुष्की वाटली. मला चित्रपटातलं सगळं प्रेम त्या गोळीत दिसतं. केनची पूर्वीची प्रेयसी हेलन रामिरेझ तिला सुनावते की तो माझा असता तर मी बंदूक उचलली असती. एमी गाडीत बसते, पहिला गोळीबार ऐकते आणि उतरून धावत सुटते. केनने गावातल्या सगळ्यांकडे मदत मागितली, फक्त तिच्याकडे नाही. ती न मागता येते, एका माणसाला पाठीमागून गोळी घालते आणि ज्या श्रद्धेवर उभी होती तीच मोडते. तिने काय गमावलं, ते चित्रपट थांबून पाहत नाही. ती त्याची उणीव आहे.

‘हाय नून’चा पटकथाकार कार्ल फोरमन एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात होता. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१मध्ये, त्याला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे जावं लागलं. इतर कम्युनिस्टांची नावं सांगायला त्याने नकार दिला. चित्रपटनिर्मितीतला त्याचा भागीदार स्टॅन्ली क्रेमर त्याच्यापासून दूर झाला. कूपरने मात्र त्याची बाजू घेतली, त्याच्या नव्या कंपनीत पैसे घालायचंही जाहीर केलं. मग दबाव आला आणि कूपरने माघार घेतली. फोरमन इंग्लंडला गेला. त्याला देशाबाहेर घालवायला हातभार लावल्याचा आपल्याला पश्चात्ताप नाही, असं वेनने त्याच मुलाखतीत सांगितलं. फोरमनने कूपरला दोष दिला नाही. मोठ्या नटांपैकी हा एकटाच आपल्यासाठी पुढे आला होता, ही कृतज्ञता त्याने पुढेही बोलून दाखवली.