जुन्या अमेरिकन गाडीचा खरेपणा

नागपूर जिल्ह्यात १९४८ साली नोंदलेली एखादी ब्यूक किंवा पॅकार्ड आज विकायला निघाली, तर बॉनेट उघडण्याआधी तिचे कागद उघडावेत. त्या कागदांवरून एका प्रदेशाचा इतिहास गेलेला असतो. गाडी नोंदली तेव्हा नागपूर मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. याच जिल्ह्यातल्या उमरेडची गाडी आज एमएच-४०, म्हणजे नागपूर ग्रामीणच्या नोंदणीत येते. म्हणून १९४८ च्या म्हणवणाऱ्या गाडीचे नोंदणी पुस्तक कोरे करकरीत आणि त्यावर एकाच सरकारचे शिक्के असतील, तर थांबावे. पुस्तक दुय्यम प्रत असू शकते, त्यात गैर काही नाही. पण ती दुय्यम आहे हे विकणाऱ्याने न विचारता सांगायला हवे. जुन्या गाडीच्या व्यवहारात माझा सारा भर या एका गोष्टीवर आहे. गाडीत काय बदलले यापेक्षा काय लपवले, हे पाहावे.

अमेरिकन गाड्या इकडे आल्या त्या नुसत्या दिमाखासाठी नाही. काळ्या मातीचे रस्ते, पावसाळ्यात फुटभर चाकोऱ्या, दोन गावांमध्ये पेट्रोल नाही की मिस्त्री नाही. अशा ठिकाणी मोठ्या इंजिनाची, जमिनीपासून उंच, दणकट चासीची गाडीच चालायची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, फोर्डनेही मुंबईत जुळणी केली. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, डिसोटो, प्लिमथ बांधल्या. त्यातली डॉज किंग्जवे मुळात प्लिमथच. परदेशी बाजारासाठी तिला डॉजचे नाव दिलेले. म्हणजे कुर्ल्याची अस्सल किंग्जवे डेट्रॉइटच्या संग्राहकाला नकली वाटू शकते आणि आपल्याला ती पूर्ण खरी असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

सर्वांत वरच्या दर्जाच्या गाड्यांत तर हा प्रश्न आणखी खोल जातो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग घ्या. चासी आणि इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, मालक माळव्यातले मराठी संस्थानिक. ड्यूसेनबर्ग कंपनी आपले 'मॉडेल जे' बहुधा चासी म्हणूनच विकायची, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचे. त्या काळी चांगली बॉडी एका चासीवरून उतरवून दुसरीवर चढवणेही होत असे. 'कारखान्यातून निघाली तशीच' ही कसोटी अशा गाडीला लावायची कशी?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने धोरण ठरवले : ज्यांना इथे उत्पादन करायचे नाही, नुसती जुळणी करायची आहे, त्यांनी जावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. आयात जवळजवळ थांबली, सुटे भाग दुर्मिळ झाले. पण गाड्या राहिल्या, आणि त्या चालवायच्याही होत्या. पेट्रोल पिणारे मोठे इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले. पिस्टन दुसऱ्याच गाडीचे आणून सिलिंडर त्या मापाला बोर केले. बुशिंग लेथवर कातले. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच अमेरिकन गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी चौकट असे. ती कुजली की इथला सुतार नवी करून देई, आणि आपल्याकडे चांगले लाकूड म्हटले की सागवान. म्हणून जुन्या ब्यूकच्या दाराचे अस्तर काढल्यावर आत साग दिसला, तर मी तो दोष मानणार नाही. ही गाडी इथे जगली, याची ती खूण आहे. उमरेडसारख्या कोळसा खाणीच्या गावात लेथ आणि वेल्डिंगचे हात कमी नाहीत. डंपरचा भाग वेळेवर मिळाला नाही तर तो घडवायचा, ही तिथली रीत. त्याच रीतीने त्या पिढीच्या अमेरिकन गाड्या वाचल्या.

आणि गंमत नव्हे, मुद्दा म्हणून सांगतो : कॅडिलॅकची कीर्ती उभी राहिली ती भाग बदलता येतात यावरच. १९०८ साली इंग्लंडमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या. त्यांचे भाग एकत्र मिसळले, ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे घातले, आणि साध्या पाना-स्क्रूड्रायव्हरने तीन गाड्या परत उभ्या केल्या. त्या ५०० मैल धावल्या आणि कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. त्या तीन गाड्यांतली 'मूळ' कोणती, हे कोणी सांगू शकले नसते, आणि तीच त्या कारखान्याच्या अभिमानाची गोष्ट होती.

आता आपला नियम पाहा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, मुदत १० वर्षे, आणि रोजच्या वापराला मनाई. जुन्या गाड्यांना कायद्यात वेगळे स्थान मिळाले, हे फार चांगले झाले. पण 'इंजिनात मोठा फेरबदल नाही' ही अट १९६० च्या सुमारास बसवलेल्या डिझेल इंजिनाला आणि परवा बसवलेल्या इंजिनाला एकाच मापाने मोजते. याचा परिणाम उघड आहे. मालक साठ वर्षे चाललेले इंजिन भंगारात देईल, बाहेरून त्या सालचे अमेरिकन इंजिन मिळवील, आणि कोणीतरी त्यावर जुना नंबर नव्याने पंच करील. कागदावर गाडी शुद्ध होईल आणि खरी गाडी नाहीशी होईल. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद गाडीच्या वापराच्या काळातले बदलही तिच्या इतिहासात मोजते. आपल्या नियमातही ही सोय हवी : नोंदणी पुस्तकात त्या काळीच लिहिला गेलेला इंजिन बदल ग्राह्य धरावा.

याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. वरातीसाठी छप्पर कापलेली बंद गाडी 'कंपनीची कन्व्हर्टिबल' म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि ती पकडता येते. कॅडिलॅकच्या बॉनेटखाली, काचेसमोरच्या पत्र्यावर बॉडीची पट्टी असते. तिच्यावर बॉडीच्या प्रकाराचा, रंगाचा आणि आतल्या कापडाचा क्रमांक असतो, आणि बंद गाडीचा क्रमांक उघड्या गाडीला लागत नाही. युद्धापूर्वीच्या पॅकार्डच्या पट्टीवर तर विक्रेत्याचे नाव, शहर आणि गाडी सोपवल्याची तारीखही ठोकलेली असे. मात्र पट्टी दोन स्क्रूंनी निघते, म्हणून ते स्क्रूही पाहावेत : सत्तर वर्षांच्या गाडीवर चकचकीत नवे स्क्रू कशासाठी? चासी नंबराची पेन्सिल प्रिंट स्वतः घ्यावी आणि आकड्यांभोवती ग्राइंडरचे ओरखडे आहेत का ते बघावे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी भरलेली असते. किती भरली हे विचारावे, आणि उत्तर देताना विकणारा चाचरला तर किंमत पुन्हा ठरवावी. क्रोमच्या चकाकीला पैसे देऊ नयेत. क्रोम कोणीही करून देतो.

उलट बाजूने एक रास्त म्हणणे आहे. बाजार चासी-इंजिनाचे मूळ नंबर जुळणाऱ्या गाडीलाच जास्त पैसे देतो, मग प्रामाणिक मालकाने तोटा का सोसावा? तोटा होतो, हे खरे. पण ही किंमत आपल्यासारखे घेणारेच ठरवतात. दुरुस्तीची पावती दाखवणाऱ्याला आपण दहा रुपये जास्त दिले, तर पावत्या जपल्या जातील.

विदर्भातल्या ज्या घरांत अशी गाडी अजून उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे. काढलेला भाग भंगारात देऊ नका, चिठ्ठी बांधून ठेवा. नोंदणीचे फाटके पुस्तकही टाकू नका. आणि ज्या मिस्त्रीने इंजिन बदलले तो अजून हयात असेल, तर त्याच्याकडे जाऊन साल, इंजिन आणि कारण लिहून घ्या आणि त्या कागदावर त्याची सही घ्या.