पाटी नसलेली गल्ली

अमेरिकेत, ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल उद्यानात 2014 साली हॅरी पॉटरच्या पुस्तकांतली जादूची गल्ली, डायगन अ‍ॅली, उभी राहिली. बाहेरून दिसतात फक्त लंडनच्या इमारती. आत जायच्या वाटेवर ठळक पाटी नाही. विटांच्या भिंतीशी वळायचं, हे पुस्तक वाचलेल्याला ठाऊकच असतं. तो वळतो, आणि समोर वाकडीतिकडी दुकानं, ग्रिंगॉट्स बँकेवर आग ओकणारा ड्रॅगन! मला हे फार भावतं. वाचकाचा इतका मान कोण राखतं?

पहिलं पुस्तक आलं 1997 साली. तेव्हाची अकरा वर्षांची मुलं आज चाळिशीला आली. या गल्लीतल्या दुकानात जादूची छडी निवडताना त्यांचे डोळे भरून येतात, आणि त्यात पोरकट काहीच नाही. ज्या गोष्टीनं एकट्या दुपारी सोबत केली, तिच्या दारात माणूस उभा असतो.

या गल्लीजवळून पुस्तकातली आगगाडी, हॉगवर्ट्स एक्सप्रेस, खरोखर सुटते, शेजारच्या उद्यानातल्या हॉग्समीड गावाला. प्रवास काही मिनिटांचाच, पण तिकीट दोन्ही उद्यानांचं लागतं. जाणार असाल तर ते आधीच काढा, आणि खिडकीजवळ बसा.